देवाला नाही म्हणता येतं का?

नाताळ अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं, "पाळकसाहेब, उपदेश नको. अनुभव लिहा. आणि आटोपशीर लिहा." निवृत्त पाळकाला इतक्या स्वच्छ शब्दांत फक्त पुण्यातच सांगितलं जातं. मी हो म्हटलं आणि मग आठवडाभर कागद पुढे घेऊन बसलो. सांगण्यासारखे प्रसंग पुष्कळ आहेत, पण एक सोडून बाकीचे हसून सांगता येतात. म्हणून तोच लिहितो.

हा अंक आमच्या मंडळीबाहेरही जातो, तेव्हा थोडं कामाविषयी. पाळक म्हणजे प्रोटेस्टंट चर्चचा धर्मगुरू. आम्हाला संसार असतो आणि दर काही वर्षांनी बदली होते. आमच्यात 'मंडळी' म्हणजे चर्चचे सभासद. उरलेल्या महाराष्ट्रात मंडळी म्हणजे बायको. मी दोन्ही मंडळ्या सांभाळल्या आणि दोन्हींच्या तक्रारी ऐकल्या. रविवारची उपासना, बाप्तिस्मे, लग्नं, अंत्यविधी, आजाऱ्यांच्या भेटी, चर्चच्या छपराची गळती, ही झाली दिसणारी कामं. न दिसणारं एक काम असतं, ते धर्मशास्त्राच्या शाळेत कुणी शिकवत नाही. "देवाने मला सांगितलं," असं म्हणत जो माणूस दारात उभा राहतो, त्याचं काय करायचं?

अशी माणसं मी बरीच पाहिली. कारखान्यातले एक निवृत्त फोरमन होते. गायनवृंदाने कुठली भजनं म्हणावीत हे देव त्यांना पहाटे सांगायचा. देवाची आणि त्यांची आवड नेहमी एकच निघे. एक बाई डोळे मिटून बायबल उघडत आणि जिथे बोट पडेल ती ओळ देवाचं उत्तर मानत. वाघोलीला फ्लॅट घ्यावा की नाही म्हणून त्यांनी बोट ठेवलं, ते खडकावर घर बांधणाऱ्या शहाण्या माणसाच्या गोष्टीवर पडलं. त्या आनंदाने सांगायला आल्या. मी म्हटलं, "बाई, तिथे खाली खडक लागला का, ते बिल्डरला विचारा." त्या रागावून गेल्या. फ्लॅट घेतला. पाणी टँकरचं येतं, पण घर उभं आहे.

माझं मत तेव्हा ठाम होतं. आतून आलेल्या बोधाला मोजमाप शास्त्राचं, म्हणजे बायबलचं. देव बोलला असेल, तर तो छापून, सगळ्यांच्या हाती देऊन बोलला आहे. तिथे मी चुकीचं वाचलं तर समोरचा म्हणू शकतो, "अहो, पुढची ओळ वाचा." एकट्याच्या कानात आलेल्या आवाजाला साक्षीदार नसतो, आणि पुढची ओळही नसते. हे मी प्रवचनात अनेकदा सांगितलं आणि लोकांनी माना डोलावल्या. एक गोष्ट मात्र कधी सांगितली नाही. मला स्वतःला कधी कुठला आवाज ऐकू आला नव्हता. पाळक व्हायचं ठरवलं तेव्हाही नाही, वडील गेले त्या रात्रीही नाही. त्यामुळे असा माणूस समोर आला की त्याला तपासताना मनात कुठेतरी एक बारीकशी भीती असायची. चूक याची असेल, की माझ्याच कानात काही कमी आहे?

नितीन आमच्या हडपसरच्या मंडळीत आला तेव्हा तिशीच्या आसपासचा असेल. बुलढाण्याकडचा, नावापुरत्या ख्रिस्ती घरातला, आयटी कंपनीत नोकरी, वाघोलीला भाड्याची खोली. दारूने पार पोखरलेला होता. एका शुक्रवारी तो दारूच्या दुकानापुढे रांगेत उभा असताना मागून कुणी हाक मारावी तसं त्याला ऐकू आलं, "नितीन, पुरे." मागे वळला तर त्याला ओळखणारं कुणीच नव्हतं. तो रांगेतून बाहेर पडला तो पुन्हा गेला नाही. रविवारी आमच्या चर्चच्या शेवटच्या बाकावर येऊन बसला.

त्याने हे मला सांगितलं तेव्हा मी वाद घातला नाही. कसा घालणार? हात थरथरणं थांबलं होतं, चेहऱ्यावर रंग आला होता. गावाकडच्या आईशी तो परत बोलू लागला होता. मंडळीपुढे त्याने साक्ष दिली, म्हणजे हा अनुभव सांगितला, तेव्हा निम्म्या बायका रडत होत्या. मी डोळे पुसले नाहीत, पण चष्मा पुसला.

दोन-अडीच वर्षं सुरळीत गेली. ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात एका संध्याकाळी तो घरी आला. बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "सर, प्रार्थनेत मला क्लिअर दिसलं. स्नेहा. पांढऱ्या साडीत. आणि तोच आवाज, सेम, म्हणाला, 'ही.'"

आमच्यात नवरी पांढरी साडी नेसते. स्नेहा म्हणजे गायकवाडांची मुलगी, मांजरीला उसाच्या रोपांच्या प्रयोगशाळेत नोकरी करणारी. तिचे वडील आमच्या पंचांपैकी एक, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या समितीतले. आई लताबाई महिला मंडळाच्या प्रमुख.

"स्नेहाशी बोललास?" मी विचारलं.

"आधी तिच्या आईवडिलांना सांगितलं. रीतसर."

"मग?"

"लताकाकू म्हणाल्या, त्यांना पण आतून साक्ष मिळाली."

माझ्या हातातला चहाचा कप मी खाली ठेवला. स्थळ म्हणून मुलगा वाईट नव्हता, उलट चांगला होता. त्याने "मला स्नेहा आवडते" एवढं म्हटलं असतं, तर मी स्वतः गायकवाडांकडे शब्द टाकला असता. पण त्याने देवाचं नाव पुढे केलं होतं आणि स्वतः मागे उभा राहिला होता. आता नकार द्यायचा तर तो कुणाला?

दोन दिवसांनी स्नेहा आली. ऑफिसमधून थेट, हेल्मेट हातात घेऊन. दारातच म्हणाली, "अंकल, देवाला नाही म्हणता येतं का?"

मी तिला आत बसवलं. ती बसली, पण हेल्मेट खाली ठेवलं नाही.

"तुला नितीन आवडत नाही?"

"तो चांगला आहे हो. तेच तर अवघड आहे. वाईट असता तर नाही म्हणून मोकळी झाले असते." मग जरा थांबून म्हणाली, "मी रोज प्रार्थना करते. मला काहीच उत्तर येत नाही. आई म्हणते, तुझं मन कठीण झालंय म्हणून येत नाही. पण अंकल, लग्न माझं आहे ना? देव माझ्याविषयी त्याच्याशी बोलतो, आईशी बोलतो, आणि माझ्याशीच का नाही?"

नेहमीसारखं शास्त्रातलं काहीतरी सांगता आलं असतं. ज्याला कधी आवाज आला नाही, त्याचा एकटेपणा मला ठाऊक होता. पण तिला ते सांगायचं धाडस झालं नाही.

"झोप लागत नाही," ती म्हणाली. "आज लॅबमध्ये दोन ट्रेमधली रोपं मिसळली माझ्या हातून. असं कधी होत नाही. नाही म्हटलं आणि पुढे आयुष्यात काही वाईट झालं, की मला कायम वाटत राहील, हे त्यामुळेच."

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. गायकवाड रोज फोन करून विचारत, "पाळकसाहेब, ईस्टरनंतर साखरपुडा धरायचा ना? लग्नाची जाहीर घोषणा कधीपासून वाचायची?" आमच्यात लग्नाआधी सलग तीन रविवार मंडळीपुढे घोषणा वाचतात, कुणाची हरकत असेल तर कळावी म्हणून. ज्या मुलीची हरकत होती, तिला ती कोणाविरुद्ध नोंदवायची हेच कळत नव्हतं. मी गप्प राहिलो असतो, तर ती हो म्हणून बसली असती. आणि मी बोललो, तो आवाज देवाचा नाही असं म्हटलं, तर? त्याच आवाजावर नितीनची अडीच वर्षं उभी होती. एक वीट काढली आणि भिंतच खाली आली तर?

मी जेवताना हे घरी बोललो. बायको म्हणाली, "तुम्ही तुमच्या नि नितीनच्या देवाचा विचार करताय. त्या पोरीला कुणी नुसतं विचारलंय का, तुला काय हवंय म्हणून?"

ईस्टरच्या आधीच्या शनिवारी दुपारी गायकवाडांच्या घरी बैठक ठरली. गायकवाड, लताबाई, नितीन, मी आणि स्वयंपाकघराच्या दाराशी स्नेहा. नितीनच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की त्याच्याकडे बघवेना.

लताबाईंनी बायबल तयारच ठेवलं होतं. "पाळकसाहेब, तुम्ही नेहमी म्हणता ना, शास्त्रात दाखवा? हे बघा."

त्यांनी जुन्या करारातली गोष्ट काढली होती. एक म्हातारा आपल्या मुलासाठी नवरी शोधायला विश्वासू चाकराला दूर देशी पाठवतो. चाकर विहिरीपाशी थांबून देवाकडे खूण मागतो, की जी मुलगी मला पाणी देईल आणि माझ्या उंटांनाही पाजेल, तीच ती. त्याचं बोलणं संपतं न संपतं तोच मुलगी येते आणि अगदी तसंच करते.

"खूण मागितली, खूण मिळाली," लताबाई म्हणाल्या. "नितीनचं तसंच आहे. शास्त्र आणि साक्ष, दोन्ही जुळलं की नाही?"

खोटं कशाला बोलू, मला तेव्हा हायसं वाटलं. ही गोष्ट मी अनेकदा शिकवली होती. म्हटलं, "बाई, पुढे वाचा. चाकर मुलीच्या घरी जातो, सगळं सांगतो. घरची माणसं म्हणतात, ही गोष्ट देवाकडूनच आहे. आणि दुसऱ्या दिवशी काय करतात?"

लताबाईंनी पान उलटलं. वाचता वाचता त्यांचा आवाज खाली आला. घरची माणसं मुलीला बोलावतात आणि तिला विचारतात, तू या माणसाबरोबर जाशील का?

"खूण पटली होती," मी म्हणालो. "सगळ्यांना पटली होती. तरी तिला विचारलं. तिने नाही म्हटलं असतं तर देव खोटा पडला असता, असं तिथे कुणीही म्हणत नाही. आता मी स्नेहाला विचारतो. बेटा, तू जाशील का?"

स्नेहाने दाराची चौकट घट्ट धरली होती. मग ती म्हणाली, "नाही." आणि लगेच, "सॉरी नितीन." आणि रडत आत गेली.

लताबाईंनी बायबल मिटलं. मला वाटलं, झालं, कठीण भाग संपला. तेवढ्यात नितीन म्हणाला, "सर, मग तो आवाज कोणाचा होता?"

"तुझ्या मनाचा असेल. मन लावून एखादी गोष्ट हवीशी वाटली, की—"

"आणि दुकानापुढचा?"

तो माझ्या उत्तरासाठी थांबला नाही.

"दोन्ही सेम होते सर. मी इंजिनियर आहे, मला एवढं कळतं. हा चुकीचा असेल तर तो पण चुकीचा." तो उठला. दारात चप्पल घालताना त्याला पट्टा सापडेना इतके हात थरथरत होते. ते थरथरणं मी पूर्वी पाहिलेलं होतं.

मी मागे गेलो तोवर बाईक सुटली होती.

ईस्टरच्या पहाटेच्या उपासनेला त्याची जागा रिकामी होती. फोन बंद. त्या सकाळी 'ख्रिस्त उठला आहे' असं सगळ्या मंडळीबरोबर मी मोठ्याने म्हणत होतो आणि मनात एकच चाललं होतं, हा कुठे पडला असेल? सोमवारी त्याच्या कंपनीच्या गेटवर गेलो. सुरक्षारक्षकाने निवांतपणे आत फोन लावला, मग म्हणाला, "आले नाहीत ते. रजा नाही टाकली." मंगळवारी फोन पुन्हा बंद. बुधवारी सकाळी मी स्कूटर काढली. मांजरीचा पूल ओलांडून वाघोलीला जाईपर्यंत रस्त्यात कुठेही गर्दी दिसली, माणसं वाकून काही बघताना दिसली, की माझा ब्रेक आपोआप दाबला जायचा.

घरमालक अंगणात म्हशीला वैरण घालत होते. म्हणाले, "वर हाय की. चार दिस झालं, खाली उतरला न्हाई. तुम्ही कोण, वडील का?"

"तसंच समजा," म्हणत मी जिना चढलो. गुडघ्यांना जिना सोसत नाही, पण त्या दिवशी गुडघे आठवलेच नाहीत.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत नितीन खाटेवर बसला होता. दाढी वाढलेली, अंगात शनिवारचाच शर्ट. समोर स्टुलावर दारूची बाटली. मग दिसलं, झाकणाचं सील फोडलेलं नव्हतं.

"शनिवारीच आणली," तो म्हणाला. "समोर ठेवून बसलोय सर. म्हटलं, तो आवाज खरा असेल तर पुन्हा येईल. एकदा तरी म्हणेल. चार दिवस झाले. कुणी काही म्हणत नाही."

'नितीन, पुरे' हे दोन शब्द माझ्या जिभेवर आले होते. मी म्हटले असते तर कदाचित त्याने ते मानले असते. पण मला ते उच्चारवेनात. त्या शब्दांवर माझा हक्क नव्हता. मी खाटेच्या कडेला बसलो आणि विचारलं, "जेवलास कधी?"

त्याला आठवेना.

"नितीन, दुकानापुढचा आवाज कोणाचा होता, ते मला माहीत नाही," मी म्हणालो. "मी तो खोटा म्हणणार नाही आणि खरा असल्याची ग्वाहीही देऊ शकत नाही. मला स्वतःला कधी काही ऐकू आलेलं नाही."

त्याने पहिल्यांदा मान वर केली. "कधीच नाही?"

"कधीच नाही."

"मग तुम्हाला खात्री कशी असते? दर रविवारी एवढं ठामपणे बोलता."

"सकाळी उठतो आणि बायबल उघडतो. काही दिवशी खात्री असते. काही दिवशी नुसतं बायबल असतं. त्या दिवशीही वाचतो."

त्याला धीर आला की तो आणखी खचला, मला कळेना. एका पाळकाने हे कबूल करावं का, हेही कळत नव्हतं. खाली म्हैस हंबरत होती. शेवटी तो म्हणाला, "आज कुठला दिवस आहे? म्हणजे तुमचा."

"आज नुसतं बायबलच," मी म्हणालो.

तो हसला नाही, पण उठला. तोंड धुतलं. नगर रोडवरच्या एका खानावळीत मी त्याला वरण-भात खायला घातला. पहिले चार घास त्याला गिळवत नव्हते, मग खाल्ला. निघताना बाटली माझ्या हातात देत म्हणाला, "ही घेऊन जा सर. मला फेकवणार नाही."

ती मी स्कूटरच्या डिकीत टाकली. परतीच्या वाटेवर मांजरीच्या चौकात पोलिसांनी गाड्या अडवलेल्या दिसल्या आणि पाळकाच्या डिकीत व्हिस्की, या कल्पनेने मला घाम फुटला. त्यांनी माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहून हात केला, "जावा आजोबा." घरी बायकोने ती मोरीत ओतली आणि दिवसभर वासाबद्दल मलाच बोलत राहिली.

नितीनने पुन्हा दारूला हात लावला नाही. पण हे काही एका दिवसात मिटलं नाही. कित्येक महिने रोज सकाळी आमचा फोन असे. एक उतारा तो वाचायचा, एक मी. कधी फोन उशिरा आला की माझा चहा निवून जाई. फोन आला तरी "हॅलो" कसं म्हणतो, त्यावरून रात्र कशी गेली असेल याचा मी अंदाज घेत बसायचो. ही सवय मला अजून आहे.

लताबाई माझ्याशी बोलतात, पण 'अहो पाळकसाहेब' म्हणतात त्यात पूर्वीचा ओलावा नाही. स्नेहा पुढे शिकायला राहुरीच्या कृषी विद्यापीठात गेली. जाण्यापूर्वी भेटायला आली तेव्हा म्हणाली, "अंकल, त्या दिवशी मी नितीनला नाही म्हटलं, की देवाला?"

"नितीनला."

"नक्की?"

"नक्की," मी म्हणालो. इतक्या थोड्या पुराव्यावर इतक्या ठामपणे मी आयुष्यात दुसरं काही बोललेलो नाही.

मी निवृत्त झालो त्यालाही आता काही काळ लोटला. नितीन अधूनमधून येतो. मंडळीतल्या तरुणांचा बायबल वर्ग तोच घेतो आणि उत्तम घेतो. कुणी एखादी ओळ अर्धवट उचलून आणली की तो शांतपणे मागचं-पुढचं वाचायला लावतो. मंडळीत लोक म्हणतात, पाळकसाहेब, तुमचा चेला. अभिमान वाटतो, नाही कशाला म्हणू?

गेल्या महिन्यात तो आला होता. निघताना मी सहज विचारलं, "प्रार्थना चालू आहे ना?"

"रोज," तो म्हणाला. "पण पूर्वीसारखं बसून राहत नाही सर. म्हणायचं ते म्हणतो, आमेन म्हणतो आणि लगेच उठतो. ऐकायला थांबतच नाही. सेफ आहे ते."

त्याने हे अगदी सहज सांगितलं, कामाची एखादी पद्धत सांगावी तसं. मी चाळीस वर्षं जे शिकवलं, ते त्याने माझ्यापेक्षा पक्कं शिकलं होतं. मला बरं वाटायला हवं होतं. तो बूट घालत होता, आणि मला वाटत होतं, याला असंच जाऊ देऊ नये.

"नितीन," मी म्हणालो, "थोडं थांबत जा."

त्याने वर पाहिलं. "तुम्ही म्हणताय हे?"

"हो. जरा वेळ."

"आणि काही ऐकू आलं तर?"

"तर कुणाला सांगायच्या आधी इथे ये. बसून वाचून बघू."

तो नाडी बांधता बांधता थांबला. "आणि काहीच नाही आलं तर?"

"तरी ये," मी म्हणालो.